एका ओळीपुरता गप्प

मी, सदाशिव दाऊद मनवर, वय वर्षे साठ, निवृत्त शिक्षक, धर्माने ख्रिस्ती, मुक्काम महागाव, तालुका पुसद, जिल्हा यवतमाळ, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, माझ्या घराच्या ओसरीत बसून, दिवसाउजेडी लिहीत आहे. दुखणे छातीचे आहे, बुद्धीचे नाही. हे लिहायला मला कोणी भरीस घातलेले नाही. उलट ‘एवढ्यात कशाला’ असे दोघांनी सांगून पाहिले, आणि दोघांचाही डोळा या घरावर आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. यापुढे करण्याइतका वेळ मिळेल असे वाटत नाही.

जे माझ्या मनात नाही ते या कागदात नाही. ही सवय जुनी आहे. तिच्यामुळे मंडळीत माझ्याविषयी बरेच बोलले गेले. प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेतली एक ओळ मी १९५६ पासून देवळात म्हटलेली नाही. ती म्हणून मरावे अशी इच्छा आहे. खोटी म्हणून मरावे अशी नाही. माझ्या मिळकतीची व्यवस्था सोपी आहे. या ओळीची व्यवस्था अवघड आहे. म्हणून कागद थोडा लांबला आहे.

कलम १. माझे वडील दगडू मनवर. मोठ्या दुष्काळात ते मिशनच्या लंगरात जेवले. तिथे जेवणाऱ्यांपैकी अनेकांनी तेव्हाच बाप्तिस्मा घेतला. वडिलांनी घेतला नाही. दुष्काळ सरला, घरात स्वतःच्या मजुरीची ज्वारी आली, आणि मग ते आपल्या पायांनी चालत मिशनच्या साहेबांकडे गेले. ते सांगत, ‘भुकेल्या पोटानं हो म्हटलं असतं, त देवानं इचारलं असतं, दगडू, मले हो म्हटलं का भाकरीले?’ दगडूचे दाऊद झाले. आम्हांला कोणी ज्वारीचे ख्रिस्ती म्हटले की मी मान वर करून ही हकीकत सांगत असे. आजही सांगतो. वडिलांनी मला जमीन दिली नाही, हे दिले. ते मला कोणाच्या नावावर करता येत नाही. ज्याला हवे त्याने घ्यावे.

कलम २. राहते घर, स्वकष्टार्जित. पूर्वेस रस्ता, दक्षिणेस शाळेचे कुंपण, उत्तरेस चिंचेचे झाड, पश्चिमेस सुग्राबी वाहिद यांचे घर आणि मधली भिंत. हे घर मी माझे मयत बंधू भगवानराव यांचा मुलगा गोविंदा याला देत आहे. मंडळीत यावर कुजबुज होईल, म्हणून कारण लिहितो.

१९५६ च्या दसऱ्याच्या सुमारास गोविंदा माझ्याकडे आला. चप्पल न काढता ओसरीच्या कडेला उभा राहिला.

‘काका, मी उद्या नागपूरले चाल्लो. दीक्षा घेतो.’

‘मालूम हाय.’

‘राग आला?’

‘दोन्हीकडे राह्यला त येईन.’

तो दोन्हीकडे राहिला नाही. परत आला तेव्हा पाळकसाहेबांना भेटला आणि आपले नाव मंडळीतून काढा असे तोंडावर सांगितले. त्यानंतर नाताळाच्या जेवणालाही तो आला नाही. त्याच्या आवडीचे अनारसे मी दुसऱ्या दिवशी घरी पोचवले. इथली काही घरे शाळेच्या दाखल्यावर एक धर्म ठेवतात आणि रविवारी दुसरा. त्यांची नावे मी लिहीत नाही. ती त्यांना ठाऊक आहेत. गोविंदाचा रस्ता माझा नाही, पण तो त्यावर एकाच तोंडाने चालतो.

‘तो मंडळीत परत आला तरच घर मिळावे अशी अट घाला,’ असे पाळकसाहेबांनी सुचवले. घराच्या लोभाने आलेला माणूस देवाला काय करायचा आहे? अट नाही. माझ्या अंत्यविधीला गोविंदाने यावे. प्रार्थनेच्या वेळी त्याने हात जोडले नाहीत, तर कोणी त्याच्याकडे डोळे वटारू नयेत.

मधल्या भिंतीत एक लहान दार आहे. ते घर बांधताना नव्हते. माझी पत्नी मानीबाई आणि सुग्राबी यांनी कालवणाच्या वाट्या भिंतीवरून देता देता एक दिवस विटा काढल्या, आणि मला संध्याकाळी कळवले. ते दार बुजवू नये. घर घेणाऱ्यावर एवढेच बंधन आहे.

कलम ३. नानाजी येसूदास खंडारे, सुतार, येथील मंडळीचे पंच, यांना मी काहीही देत नाही. याचे कारण शेवटी आहे. मध्ये आमच्यात जे झाले ते आहे.

आम्हांला एकच मूल झाले, उशिरा. मुलगी, एस्तेर. १९५६ च्या उन्हाळ्यात तिला मुदतीचा ताप आला. पुसदहून डॉक्टर आणले. औषध दिले. आम्ही दोघे तिच्या उशाशी प्रार्थना करत होतो. एका दुपारी सुग्राबी भिंतीतल्या दारातून आली. तिच्या हातात काळा दोरा होता, दर्ग्यातून आणलेला. ती माझ्याशी बोलली नाही, मानीबाईशी बोलली.

‘बाई, तुमचा देव मोठा, माहाही मोठा. दोघं इतके मोठे, त एवढ्याशा दोऱ्यानं कोणाले राग येईन?’

मानीबाईने मुलीचा हात उचलून तिच्यापुढे केला. सुग्राबीने दोरा मनगटाला बांधला. बांधताना ती रडत होती. मी त्याच खोलीत होतो आणि मला त्यात काही वावगे दिसले नाही.

मुलगी चार दिवसांनी गेली.

नानाजी शवपेटीचे माप घ्यायला आले. गावातल्या प्रत्येक ख्रिस्ती माणसाची पेटी तेच करतात आणि मोबदला घेत नाहीत. कबरस्तानाच्या फाटकाची किल्लीही त्यांच्याकडेच असते. माप घेताना त्यांना दोरा दिसला.

‘हे काय होय, मानीबाई?’

‘दोरा होय.’

‘कोणाचा?’

‘सुग्राबीनं बांधला, भाऊ.’

‘काढून टाका.’

‘नाही काढत.’

नानाजींनी माप पूर्ण घेतले. मग म्हणाले, ‘लेकराचा काही दोष नाही. तिले तशीच जाऊ दे. पण तू मोठी हाय. येत्या रविवारी मंडळीपुढं उभी राह्य, चुकली म्हण, देवाजवळ माफी माग. आत्ता मले तसा शब्द दे, मंग मी फाटक खोलतो.’

मी तोंड उघडण्याआधी मानीबाई म्हणाली, ‘देला शब्द.’

एस्तेरला दोऱ्यासकट पुरले. रविवारी मानीबाई उभी राहिली. ‘मी दोरा बांधू देला. मी चुकली. देवानं मले माफ करावं.’ एवढेच म्हणून खाली बसली. घरी येऊन चूल पेटवली. चुलीकडे पाहत मला म्हणाली, ‘मी आज देवाच्या घरात लबाड बोलली. मले त्या दोऱ्याचा पस्तावा नाही. पोरीच्या मातीसाठी बोलली. आता तिथं माह्या तोंडातून शब्द निघणार नाही.’

तिच्या उभ्या आयुष्यात मी तिला दुसरी कोणती लबाडी करताना पाहिले नाही. बाजारात वांगी विकताना किडके वांगे ती वर ठेवत असे. अशा बाईकडून देवळात उभे करून खोटे वदवून घेतले गेले. माझा राग त्याचा होता. किल्लीचा नव्हता, दोऱ्याचाही नव्हता.

कलम ४. यानंतर मानीबाई दर रविवारी देवळात आली. गीत नाही, प्रार्थना नाही, आमीन नाही. ओठ मिटून सरळ बसायची. बाया विचारत, ‘मंग येता काहून?’ ती सांगे, ‘ऐकाले येतो.’

घरी मात्र तिची प्रार्थना मोठ्याने चाले. भाकरी थापताना ती एकेका भाकरीवर एकेकाचे नाव घेई. आजारी, भांडलेले, बाळंतीण, परगावी गेलेला. ज्याच्या घरी चूल पेटली नसेल त्याची भाकरी फडक्यात बांधून जाई. त्यात एक भाकरी नानाजींच्या नावाची असे. मी एकदा चिडलो.

‘त्याचं नाव काहून घेतं?’

‘माहं मन झालं म्हणून.’

‘माहं होत नाही.’

‘तुम्हाले होईन तवा म्हणा. न होता म्हणू नका. एकीनं म्हटलं तेवढं पुरे हाय.’

ती १९५९ साली गेली. तिने मला कधी दुसरा सल्ला दिला नाही, आणि मला दुसऱ्याची गरज पडली नाही.

आता माझे. आमच्या देवळात प्रार्थनेला आवाज द्यायचे काम माझ्याकडे होते. शाळामास्तराचा आवाज, तो पुढे जाई आणि मंडळी मागून येई. मानीबाई उभी राहिली त्याच रविवारी, प्रार्थनेत भाकरीचे मागणे झाले आणि क्षमेची ओळ आली. जशी आम्ही इतरांना क्षमा केली तशी तू आम्हांला कर, असा तिचा अर्थ आहे. मी ती कशी म्हणणार होतो? मी केली नव्हती. ती म्हणणे म्हणजे ‘मलाही करू नकोस’ असे देवाला सांगणे. मी थांबलो. मंडळी अडखळली. दोनचार आवाज पुढे गेले, बाकीचे गळाले. पुढच्या ओळीला मी पुन्हा सुरू झालो.

दुसऱ्या रविवारी तेच झाले. तिसऱ्या रविवारी ती ओळ येताच पुढच्या बाकावरून नानाजींनी आवाज दिला. खणखणीत, सुतारकामाच्या ठोक्यासारखा. तेव्हापासून ती एक ओळ त्यांची झाली. बाकी प्रार्थना माझी. महागावची मंडळी अनेक वर्षे अशी दोन आवाजांत प्रार्थना करत आली, आणि परगावचे पाहुणे आले की त्यांना वाटे, ही इथली रीत असावी.

पाळकसाहेब घरी आले.

‘मास्तर, म्हणू नका हवे तर. निदान ओठ तरी हलवा. मुलं बघतात.’

‘मुलं बघतात म्हणूनच हलवत नाही.’

‘तुम्ही शिक्षक आहात.’

‘हो. जे येत नाही ते येतं म्हणून सांगू नये, एवढं मी त्यांना शिकवलं आहे.’

मग त्यांनी युक्ती केली. त्या ओळीला हार्मोनियमचा सूर धरायला लावला, म्हणजे फट झाकली जाईल. हार्मोनियम माझे होते. त्याच दिवशी मी ते डोक्यावर घेऊन घरी आणले. रस्त्यात सुग्राबीचे यजमान वाहिद मियाँ भेटले. ‘मास्तर, देऊळ सोडलं का काय?’ ‘देऊळ नाही सोडलं,’ मी म्हणालो, ‘बाजा सोडवला.’ ते हसत हसत सोबत आले आणि दुसऱ्या बाजूने हात लावला.

मी देवळात जाणे सोडले नाही. प्रभुभोजनाची थाळी माझ्यापाशी आली की मी ती न घेता पुढे देत असे. ती पुढे देताना हाताला जड लागे. ज्यांचे आपसांत कोर्टकज्जे चालू होते ती माणसे त्याच थाळीतून घेत. मला या गोष्टीचा अभिमान आहे. तो पाप असेल तर देव मला सांगेल. माणसांनी सांगू नये.

कलम ५. कबरस्तानाच्या पश्चिमेस लागून पडीत जमिनीची एक पट्टी आहे. ती मी मानीबाई गेल्यावर तांड्यावरच्या भावसिंग राठोड यांच्याकडून विकत घेतली. भावसिंग म्हणाले, ‘मास्तर, इथं त बोरबी उगवत नाही. काय पेराल?’

‘माणसं.’

‘मंग पाऊस नाही पडला तरी चालन,’ ते म्हणाले आणि अंगठा उठवला.

ही पट्टी मी येथील मंडळीला देत आहे. पाळकसाहेबांना घर हवे होते, त्यांना पट्टी मिळत आहे. अटी अशा. या पट्टीला फाटक नसावे. इथे पुरायला आणलेल्या कोणाच्याही मनगटाची तपासणी होऊ नये. मातीच्या बदल्यात जिवंत माणसाकडून कोणताही शब्द मागू नये, खराही नाही आणि खोटाही नाही. ज्याला पश्चात्ताप करायचा असेल त्याने आपल्या मनाने, आपल्या वेळी करावा. त्यासाठी देऊळ आहे. यातली एकही अट मोडली तर पट्टी गोविंदाकडे जावी. तो ती नीट सांभाळील.

कलम ६. जंगम वस्तू.

हार्मोनियम मंडळीला परत द्यावे. गीतांना वाजवावे, प्रार्थनेला वाजवू नये.

पाटा-वरवंटा सुग्राबीला. तो ती रोज नेते आणि रोज परत आणते. आता परत आणण्याचा त्रास नको. मानीबाईचे हिरवे लुगडेही तिलाच. ते तिच्याच पसंतीने घेतले होते आणि मानीबाईला कधी आवडले नाही.

सायकल सुग्राबीचा मुलगा इकबाल याला. ती आपली आहे असे तो अगोदरच धरून चालला आहे. सायकलीची जितकी दुरुस्ती त्याने केली तितकी जुनी सायकल आता उरलेलीही नाही.

पुस्तके गोविंदाच्या मुलीला, ती वाचते म्हणून. पोस्टातल्या शिल्लकीतून माझ्या अंत्यविधीचा खर्च भागवावा, उरेल ते तिच्या शिक्षणाला लावावे.

छत्री देवळात विसरली आहे. ज्याने नेली त्याने ठेवावी.

कलम ७. आता कलम ३ पुढे चालवतो.

या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाशी नानाजींचा नातू शामुवेल तापाने पडला. तोच ताप. एस्तेरच्या वेळेपेक्षा औषधे चांगली होती, पण पोराला मानवली नाहीत. एका सकाळी सुग्राबी भिंतीतल्या दारातून माझ्याकडे आली.

‘मास्तर, मी नानाजीकडे दोरा घेऊन गेलती.’

‘त्यांच्याकडे? काहून?’

‘लेकरू होय नं. सुनेनं हात पुढं केला. बुढा बाहेर आला. म्हणे, बाई, तुमचा जीव मोठा, पण हे माह्या घरात नाही होत.’ ती पदराने तोंड पुसत होती. ‘तो रडून राह्यला अन् नाही म्हणून राह्यला, मास्तर. दोन्ही एकदमच.’

त्यावेळी माझ्या मनात जे आले ते लिहिले पाहिजे. इतकी वर्षे मी नानाजींना ढोंगी समजण्याची खटपट केली होती. ढोंग्यावर राग धरणे सोपे असते. पण दुसऱ्याच्या लेकरासाठी एक आणि आपल्या लेकरासाठी दुसरे, असे हा माणूस करत नव्हता. सुनेने पुढे केलेला हात त्याने स्वतःच्या दारात मागे घ्यायला लावला. मला ते पटले नाही, आजही पटत नाही. पण ते नकली नव्हते.

शामुवेल गेला. नानाजींनी त्याची पेटी स्वतः केली. कबरस्तानात मंडळी जमली. माती टाकून झाली आणि पाळकसाहेबांनी मला खूण केली. मी प्रार्थनेला आवाज दिला. भाकरीचे मागणे झाले. ती ओळ आली आणि मी नेहमीप्रमाणे थांबलो. नानाजींचा आवाज यायला हवा होता. आला नाही. माझा आवाज नाही, नानाजींचाही नाही, म्हणून मंडळीही पुढे जाईना. त्या ओळीपुरते सगळे गाव मुके उभे होते. बाभळीवर होला घुमत होता, तेवढेच. मग मी पुढची ओळ म्हटली आणि सगळे आले.

लोक पांगले. नानाजी फाटकाला कुलूप लावत होते. मी थांबलो.

‘काहून थांबले, नानाजी?’

‘तुमची नक्कल नाही केली, मास्तर.’

‘ते दिसलं मले.’

‘तोंडात आलंच नाही. आता कोणाले माफ नाही केलं ते इचारू नका.’

‘नाही इचारत.’

त्यांनी किल्ली फिरवली, कुलूप ओढून पाहिले. मग कुलपाकडे पाहतच म्हणाले, ‘एक सांगतो. दोरा गलतच होता. आजबी म्हणतो. माह्या पोराच्या पोराले मी बांधू देला नाही.’

‘मालूम हाय.’

‘पण मानीबाईच्या मनात जे नव्हतं, ते मी तिच्या तोंडून काढलं. देवाच्या घरात. ते माहं होय. ते दोऱ्याहून खराब.’

मी हे वाक्य ऐकण्याची वाट पाहत होतो. ते आले. क्षमा केली म्हणून सांगावे असे मनात आले, पण तेव्हा माझे मन त्यांच्या सुतकाने भरले होते, आणि दुःखी माणसाला बरे वाटावे म्हणून म्हटलेला शब्द मला चालत नाही.

‘मी तुम्हाले आत्ता काही म्हणत नाही, नानाजी.’

‘म्हणूबी नका,’ ते म्हणाले. ‘होईन तवा म्हणा.’

हे शब्द मानीबाईचे होते. चुलीपाशी मी एकट्याने ऐकलेले. नानाजींना ते ठाऊक असण्याचे कारण नव्हते. मी घरी आलो आणि भाकरी थापायला बसलो. मला अजून नीट जमत नाही, कडा फाटतात. एका भाकरीवर मी त्यांचे नाव घेतले. नाव निघाले. क्षमा निघाली का ते कळले नाही. तेव्हापासून रोज घेतो.

कलम ८. मला मानीबाई आणि एस्तेर यांच्याशेजारी पुरावे. फाटक नानाजींनी स्वतः उघडावे. पेटी साधी करावी. त्यांना वेगळी येतही नाही. माझ्याविषयी भाषण करू नये. ज्यांना माझ्याविषयी वाईट बोलायचे आहे त्यांनी जिवंतपणी बोलून घेतले आहे, चांगले बोलणाऱ्यांनी आता घाई करू नये. प्रार्थना म्हणावी. क्षमेच्या ओळीला ज्याला म्हणता येईल त्याने म्हणावी, ज्याला येणार नाही त्याने थांबावे. कोणी कोणाकडे पाहू नये.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी भावसिंग यांचे चिरंजीव भीमसिंग भावसिंग राठोड यांनी करावी. ते माझे विद्यार्थी. शाळेत त्यांनी एकदा कोरी पाटी दाखवली आणि ‘आलं नाही, गुरुजी’ असे सांगितले. शेजारच्या मुलांनी पाहून लिहिलेले उत्तर चुकीचे निघाले. मी तेव्हापासून त्यांच्यावर विश्वास ठेवून आहे.

नानाजींना काही का देत नाही, ते आता लिहितो. मृत्युपत्राच्या साक्षीदाराला त्या मृत्युपत्राखाली काही घेता येत नाही, असा कायदा आहे. मला त्यांना साक्षीदार करायचे आहे. जे त्यांनी पाहिले नाही त्यावर ते सही करणार नाहीत, आणि जे पाहिले ते लपवणार नाहीत. या गावात असा दुसरा माणूस मला माहीत नाही. काल मी त्यांना विचारायला गेलो. ते रंधा मारत होते.

‘साक्षीले मले काहून, मास्तर?’

‘तुम्हाले काही द्यायचं नाही म्हणून.’

‘हे बरं केलं,’ ते म्हणाले. ‘कवा येऊ?’

सहीच्या आधी ओसरीत प्रार्थना होईल. मी ती ओळ म्हणेन की नाही हे इथे लिहीत नाही. लिहून ठेवले तर म्हणावीच लागेल, आणि तशी म्हटलेली मला नको आहे. साक्षीदारांनी जे ऐकले तेच लिहावे.

कागद मी पुन्हा वाचला. खाडाखोड नाही.

सही
सदाशिव दाऊद मनवर

साक्षीदार पहिला. मी, भीमसिंग भावसिंग राठोड, शेती, राहणार महागावजवळील तांडा. गुरुजींनी माझ्या व दुसऱ्या साक्षीदाराच्या देखत सही केली. ते पूर्ण शुद्धीवर होते. माझे अक्षर सुधारले नाही असे ते आत्ताच म्हणाले.

सही
भीमसिंग राठोड

साक्षीदार दुसरा. मी, नानाजी येसूदास खंडारे, सुतार, राहणार महागाव. मास्तरांनी माझ्यासमोर सही केली, मी त्यांच्यासमोर करत आहे. सहीच्या आधी प्रार्थना झाली. मास्तरांनी आवाज दिला. त्या ओळीला मास्तर थांबले नाहीत. ओळ पूर्ण म्हटली, शाळेतल्या आवाजात, माझ्याकडे तोंड करून. मी ती म्हटली नाही. मला अजून म्हणता येत नाही. मास्तरांनी मला म्हणा म्हटले नाही. भिंतीतल्या दारात सुग्राबी उभी होती. तिला वाटले संपले, म्हणून ती आमीन म्हणाली. प्रार्थना संपली नव्हती. पुढची ओळ आम्ही दोघांनी म्हटली.

सही
नानाजी येसूदास खंडारे

मुक्काम महागाव, जिल्हा यवतमाळ
तारीख १२ ऑक्टोबर १९६३